मी आहे तोवरचा भाव

कारखान्याच्या दारातून आत आलं की उजव्या हाताला एक जिना होता. कुठेच न जाणारा. वर मजलाच नव्हता, त्यामुळे तो छतापर्यंत चढायचा आणि तिथंच संपायचा. गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना होता तो. पायऱ्या कशा बसवतो, कठडा वळणावर कसा फिरवतो, हे लोकांनी स्वतःच्या पायानं आणि हातानं तपासून बघावं म्हणून बाबांनी तरुणपणी बांधलेला. लोक चढायचे, डोकं छताला टेकलं की हसायचे आणि उतरायचे.

बाबा गेल्यानंतर त्या जिन्यावर पावलं वाजायला लागली.

आता लगेच भुवया उंचावू नका. लाकूड वाजतं, हे जिनेवाल्याच्या पोरीला कुणी शिकवायला नको. हवा बदलली की ते फुगतं, आकसतं, म्हाताऱ्यासारखं कण्हतं. बाबांच्या मुलीनं, म्हणजे कारखान्यात सगळे जिला ताई म्हणत तिनं, स्वतःची हीच समजूत घालून पाहिली. पण आकसणारं लाकूड खालच्या पायरीपासून सुरुवात करून, एकेक पायरी घेत, वळणावर जरा दम खाऊन वर जात नाही. आणि वर पोचल्यावर थोडा वेळ घुटमळून पुन्हा खाली तर मुळीच येत नाही. रोज संध्याकाळ व्हायला लागली, यंत्रं बंद झाली आणि भुसा खाली बसला की हे सुरू. ताईच्या अंगावर काटा यायचा. बाबांच्या हाताखाली काम केलेल्या मिस्त्रींच्याही यायचा, पण ते मान्य करतील तर ते मिस्त्री कसले!

"बाबा चिडलेत," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही ते पंधरा दिवसांचं काढलंत ना, म्हणून."

पंधरा दिवसांचं काय ते सांगायला हवं. बाबांची भाव सांगायची एक तऱ्हा होती. ते गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, जिथं जिना व्हायचा त्या भिंतीवरून तळहात फिरवायचे, डोळे मिटून थोडं थांबायचे आणि आकडा सांगायचे. कागद नाही, शिक्का नाही. गिऱ्हाईक विचारायचंच, "हा भाव किती दिवस चालेल?" त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं. "मी आहे तोवर."

लोकांना वाटायचं, बोलायची पद्धत आहे. नव्हती. वर्षानुवर्षांनी कुणी उगवायचं, म्हणायचं, आता पैसे जमले, आता मुलं मोठी झाली, आता बांधू या जिना, आणि बाबा जुन्याच भावात बांधून द्यायचे. तोवर लाकडाचा भाव कुठच्या कुठे गेलेला असायचा. वखारवाला डोक्याला हात लावायचा. "अहो, मी सकाळचा भाव संध्याकाळी देत नाही, आणि तुम्ही पोराच्या मुंजीतला भाव त्याच्या लग्नात देता!" बाबा हसून सोडून द्यायचे. आई मात्र हसायची नाही, कारण घर तिला चालवायचं होतं. पण बाहेरच्या कुणी बाबांना वेड्यात काढलेलं तिला खपायचं नाही. तो हक्क तिचा एकटीचा.

आणि एक दिवस बाबा नव्हते. कठड्याला रंधा मारता मारता खाली बसले आणि उठलेच नाहीत. कारखाना ताईच्या गळ्यात पडला. तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर कोटेशन छापून घेतलं. खाली ठळक ओळ टाकली: हा भाव पंधरा दिवसांपर्यंत. बरोबरच होतं तिचं. बाबांचं मोठेपण बाबांनी करावं, आपली ती ऐपत नाही, हे तिला चांगलं कळत होतं. नाकापेक्षा मोती जड घालून मिरवणाऱ्यातली ती नव्हती.

पण छापखान्यातून तो गठ्ठा आला त्याच आठवड्यात पावलं वाजायला लागली, आणि मिस्त्रींच्या डोक्यात ते पक्कं बसलं. ताईच्याही बसलं, खोटं कशाला बोला. तिनं काय करावं? पंधराचे तीस दिवस केले. पावलं वाजतच राहिली. तिसाचे साठ केले. लहानपणी खेळायला जाण्यासाठी बाबांशी घासाघीस करायची तशी ती एका रिकाम्या जिन्याशी घासाघीस करत होती. एका संध्याकाळी तर तिनं वैतागून वर बघत विचारलं, "मग किती करू? तुम्हीच सांगा!" पावलं वळणावर थांबली. मग आपली पुन्हा चढायला लागली. ताईनं दुसऱ्या दिवशी साठाचे परत पंधरा केले.

आईला हे काही सांगायचं नाही, असं तिनं आणि मिस्त्रींनी ठरवलं होतं. पण आई एकदा घराची किल्ली विसरली म्हणून संध्याकाळी कारखान्यात आली. ताई किल्ली शोधत असताना जिना वाजायला लागला. आईनं मान वर केली, दोन-चार पायऱ्या ऐकल्या, आणि बाबा रोज घरी आल्यावर म्हणायची तसं अगदी सहज म्हणाली, "आले वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायला लागली. स्वतःची खुर्ची घेऊन आली, ती जिन्याच्या पायथ्याशी मांडली, आणि मांडीवर मटारची परात घेऊन बसायला लागली. पावलं सुरू झाली की शेंगा सोलता सोलता बोलायची. शेजारणीचा नळ गळतो. मावशीचा गुडघा पुन्हा सुजलाय. "आणि तुमची मुलगी जेवत नाही वेळेवर, तिला काही बोला." संसारात या दोघांना बोलायला सवड अशी कधी मिळालीच नव्हती. बाबा थकून यायचे, जेवायचे, झोपायचे. आता ते रोज वेळेवर येत होते आणि सगळं ऐकून घेत होते. आईच्या चेहऱ्यावर तकाकी आली. बाबा गेल्यावर तिनं अन्न टाकलं होतं, ती आता दोन वेळा नीट जेवत होती, आणि हे बघून ताईनं ठरवलं की भीती गेली खड्ड्यात. येतात तर येऊ देत.

मग शिंपी आला.

गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान होतं. दारात चाचरत उभा राहिला. "ताई, तुमच्या बाबांनी मला माळ्यावर चढायच्या जिन्याचा भाव सांगितला होता. आता ते नाहीत. तेव्हा तो भाव... आहे का नाही?"

नाही म्हणायला ताईनं तोंड उघडलंच होतं. 'मी आहे तोवर' म्हणाले होते, आता ते नाहीत, म्हणजे हिशेब सरळ आहे. पण समोर खुर्चीत आई बसली होती, आणि तिच्या मागे पावलं नुकतीच वळणावर आली होती. 'ते नाहीत' हे ताईला तिथं उभं राहून म्हणवेना.

"आहे," ती म्हणाली.

जिना बांधला. अंगावर तोटा घेऊन बांधला. ज्या दिवशी काम पुरं झालं त्या संध्याकाळी नमुन्याच्या जिन्यावर पावलं वाजली ती जरा हलकी वाजली, जसं कुणी खांद्यावरचं ओझं उतरवून चालावं. मिस्त्रींनी ताईकडे पाहिलं. ताईनं मिस्त्रींकडे पाहिलं.

शिंप्यानं गावभर केलं असणार, कारण त्यानंतर एकेक जण यायला लागला. दवाखान्यातल्या नर्सबाई, पोस्टमन, जुळ्या मुलींची आई. सगळ्यांना बाबांनी कधी ना कधी भाव सांगून ठेवलेला. ताई दरवेळी 'आहे' म्हणायची, जिना बांधायची, नव्या गिऱ्हाइकांकडून कसंबसं भरून काढायची. आणि दरवेळी संध्याकाळची पावलं आणखी हलकी व्हायची. आधी कितीतरी फेऱ्या व्हायच्या, आता एकदाच वर आणि एकदाच खाली. आईला ऐकायला खुर्ची जिन्याला खेटून घ्यावी लागायची.

"बाबा चिडलेले नाहीत, ताई," मिस्त्री एके दिवशी पटाशीला धार लावत म्हणाले. आपलं आधीचं म्हणणं चुकलं हे कबूल करायला त्यांना बरेच दिवस लागले. "बाबा अडकलेत. मी आहे तोवर भाव आहे, असं म्हणून बसले. मग भाव आहे तोवर त्यांनाही असावंच लागणार ना! जायचं कसं माणसानं? एकेक जिना होतोय तसे सुटत चाललेत."

तिलाही हे कळून चुकलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. "आणि सगळे झाले की?"

मिस्त्रींनी पटाशीवर फुंकर मारली. "सगळे झाले की झालं."

राहिलं कोण, हे आईनंच सांगितलं. विचारावं लागलं नाही. मटार सोलता सोलता म्हणाली, "आता एकच. शिकवणीच्या बाई. त्यांचं नाव सारखं काढायचे. त्या आल्या नाहीत अजून, जिना फार वाईट आहे त्यांचा, असं जेवताना म्हणायचे." आणि मग परातीत हात तसाच ठेवून ती जिन्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं का, की त्या आल्या की काय होणार? ताईनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

शिकवणीच्या बाई आल्या त्या दिवशी ताईच्या मनात आलं, देवा, आजच नको.

बाई वयस्कर होत्या, लग्न केलेलं नव्हतं, गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवलेले. घरात त्या आणि त्यांचा थोरला भाऊ, दोघंच. तो पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. आता त्याची दृष्टी पार गेली होती. तो वरच्या खोलीत राहायचा आणि बाई खाली.

"आमचा जिना कुजलाय गं," बाई म्हणाल्या. "कठडा केव्हाच निखळला. त्याला दिसत नाही, तेव्हा मी त्याला खाली येऊच देत नाही. दिवसभर एकटा बसतो वर. बाहेर अंगणात बसायचं म्हणतो. बाबांनी भाव सांगितला होता, पण तेव्हा जमलं नाही. आता जमेल. तो भाव आता राहिला नसेल ना?"

"आहे," ताई म्हणाली. आणि लगेच पुढे म्हणाली, "पण लाकूड अजून ओलं आहे, बाई. वाळायला वेळ लागेल. मी कळवते."

बाई कृतज्ञ होऊन गेल्या. लाकूड मागच्या भिंतीला टेकून उभं होतं, ठणठणीत कोरडं. मिस्त्रींनी त्याच्यावर बोट वाजवून ताईला ऐकवलं.

"तुमचं काम करा," ताई म्हणाली.

तिनं काय केलं ते समजून घ्या. बाईंना नाही म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ बाबा नाहीत असा झाला असता, आणि बाबा गेले असते. जिना बांधून दिला असता, तरी बाबा मोकळे होऊन गेले असते. फक्त एकच वाट अशी होती की भाव आहे पण काम नाही. भाव लटकत राहील तोवर बाबा येत राहतील, आई जेवत राहील, खुर्चीत बसून बोलत राहील. पोरीनं आईसाठी केलं. आणि एवढं म्हणून थांबलं तर ते अर्धंच खरं, कारण स्वतःसाठीही केलं. बाबांची पावलं ऐकल्याशिवाय कारखाना बंद करायचा, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

बाई दर थोड्या दिवसांनी विचारायला यायच्या. लाकूड ओलं. मग करवत बिघडली. मग मिस्त्रींची पाठ धरली. पाठ धडधाकट असलेले मिस्त्री हे ऐकून आत निघून गेले आणि त्या दिवशी ताईशी बोलले नाहीत. बाई एकदाही चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा फक्त म्हणाल्या, "तू पण बाबांसारखंच म्हण बघू, भाव किती दिवस राहील ते. म्हणजे मला झोप लागेल." ताईच्या जिभेवर ते शब्द आले होते. मी आहे तोवर. पण तिनं ते गिळले. आपणही असंच म्हणून बसलो तर आपल्यालाही असंच चढत-उतरत राहावं लागेल की काय, असं तिच्या मनात आलं. पंधरा दिवसांची ओळ तिनं वखारवाल्याच्या भीतीनं छापली होती. आता तिला वाटलं, तारीख घालणं म्हणजे माणसाला जाऊ देणं आहे.

"राहील हो, बाई," ती कशीबशी म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारी शेजारच्या दुकानदारानं निरोप आणला. बाई भावाचं ताट घेऊन वर जात होत्या. पायरी मोडली. पाय गुडघ्यापर्यंत फटीत गेला. प्लास्टर घातलंय. वरून तो बिचारा ओरडत होता आणि त्याला खाली येता येत नव्हतं.

ताई एका फळीवर बसली ती उठेना. हे आपण केलं. दुसऱ्या कुणी नाही.

संध्याकाळ झाली. आई खुर्चीत होती. यंत्रं बंद झाली, भुसा खाली बसला, आणि पावलं आली.

एक पाऊल नीट, एक पाऊल फरपटत.

खालच्या पायरीवर टक्, आणि मग लाकडावर काहीतरी ओढल्याचा आवाज. पुन्हा टक्, पुन्हा ओढलं. बाबा कधी लंगडत नव्हते. वळणावर ते इतका वेळ थांबले की मिस्त्रींनी हातातला झाडू खाली ठेवला. मग पुन्हा वर, फरपटत. तो आवाज ऐकताना ताईला वाटलं, कुणीतरी आपल्याच छातीवरून पाय ओढत चाललंय.

आईचा हात शेंगेवर थबकला. "कुणाचा पाय मोडला?"

ताईनं सांगितलं. लाकूड कोरडं होतं हेही सांगितलं, करवत चांगली होती हेही, मिस्त्रींची पाठ हेही. सगळं ओकून टाकलं. आता आई आपल्याला फाडून खाणार, असं तिला वाटत होतं, आणि तेच व्हावं असंही वाटत होतं.

आईनं परात खाली ठेवली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "ते लाकूड माझ्या डोळ्यांसमोर आहे की रोज. जिनेवाल्याची बायको आहे मी. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तेव्हा माझ्या वाटणीचं पाप तू एकटीनं घेऊ नकोस."

"आई, मी बाईंना दुसरीकडून जिना बांधून देते. नव्या माणसाकडून, नव्या भावानं, वरचे पैसे आपण भरू. म्हणजे बाईंचं कामही होईल आणि बाबांचा भाव..."

"लटकत राहील?"

ताई फळीवरचा भुसा हातानं झाडायला लागली.

"ऐकलंस ना कसे चढत होते?" आई म्हणाली. "दमलेत गं ते. मला ऐकायला आवडतं म्हणून त्यांनी किती दिवस चढायचं? एवढी स्वार्थी बाई नको बनवू मला. तो जिना होईल. आणि तूच बांधशील."

जिना बांधायला घेतला. कुजलेला जिना उतरवून, वर जायला तात्पुरती शिडी लावून, बाईंच्या घरातच काम सुरू झालं. बाई प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या आणि मिस्त्रींनी खिळे तोंडात धरले की ओरडायच्या. "गिळशील एखादा! लहानपणी पेन्सिली चघळायचास तसाच अजून!" मिस्त्री त्यांचे जुने विद्यार्थी निघाले. घरात बऱ्याच दिवसांनी हसू फुटलं.

इकडे कारखान्यातला जिना मुका झाला होता. आई दोन संध्याकाळी तिथं जाऊन बसली, काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी ती गेली नाही.

ताईला वाटलं, संपलं. इतक्यात संपलं, आणि आपल्याला कळलंही नाही. पण त्याच दिवशी ती शिडीनं वर गेली, घड्याळजींना चहाचा कप हातात द्यायला. ते खिडकीपाशी बसले होते, मान जरा तिरकी करून, नजर गेलेली माणसं बसतात तशी.

"तुमच्याबरोबर तिसरा माणूस आहे तो कोण?" त्यांनी विचारलं.

"तिसरा?"

"तू आहेस, तो मिस्त्री आहे, आणि एक आहे तो बोलत नाही. तुम्ही जेवायला खाली गेलात की भिंतीवरून हात फिरवत असतो. खरखरीत हात आहेत. मी दोनदा नाव विचारलं. लाजाळू दिसतो."

ताईनं कप त्यांच्या हातात ठेवला. "तो... जुना माणूस आहे आमचा," ती म्हणाली.

"चांगला आहे. घाई करत नाही," घड्याळजी म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

शेवटच्या दिवशी आई आली. कुणी बोलावलं नव्हतं. जिना उभा होता, नवाकोरा, कठड्यासकट, वरच्या खोलीच्या दारापर्यंत. फक्त वरच्या खांबातली एक लाकडी खुंटी ठोकायची राहिली होती. मिस्त्री हातोडा घेऊन वर उभे होते. आईला बघून त्यांनी तो हातोडा ताईपुढे धरला. ताईनं तो घेतला आणि तिच्यानं तो उचलवेना. हात होता तिथंच राहिला.

"उद्या ठोकू या का?" मिस्त्री हळूच म्हणाले. एवढा फटकळ माणूस, पण डोळे ओले झाले होते त्याचे. "एक दिवसानं काय होतंय?"

होतंय की. एक दिवस म्हणता म्हणता बाईंचा पाय मोडला होता. ताईला हे कळत होतं आणि तरी तिनं मान डोलावली. उद्या.

"द्या इकडे," खालून आई म्हणाली.

ती चढायला लागली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आणि तिच्यामागोमाग, एक पायरी अंतर ठेवून, दुसरी पावलं चढायला लागली. लंगडत नव्हती. पूर्वीसारखीच, दमदार. स्वयंपाकघराच्या दारात बाईंनी तोंडाला पदर लावला. वळणावर आई दम खायला थांबली, तशी तीही थांबली. आई मागे वळली नाही.

वर पोचल्यावर तिनं ताईच्या हातातून हातोडा घेतला. "तू बाजूला हो, बाळा. हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि व्हायलाही नको. लेकीनं कशाला करायचं?"

मग ती खांबाकडे तोंड करून, पण खांबाशी नाही, अशी बोलली. "अहो, ऐका. तुमचा राग आला होता मला. न सांगता गेलात म्हणून. मग रोज यायला लागलात, तेव्हा वाटलं, चला, माझ्यासाठी आलात. माझ्यासाठी नव्हता आलात, सांगितलेल्या भावासाठी आला होतात, मला काय कळत नाही? पण मी धरून बसले. आता पुरे. शब्द पुरा झाला तुमचा. इथं वर खोली आहे, खिडकी आहे. आता परत उतरू नका."

तिनं हातोडा उचलला. पहिला घाव चुकला. दुसरा बसला. तिसऱ्याला खुंटी आत गेली आणि लाकडाला लाकूड भिडलं.

घर शांत झालं. ही शांतता नुसती आवाज नसल्याची नव्हती. कुणीतरी नसल्याची होती, आणि ताईला ती पहिल्यांदाच कळली. बाबा गेले. आत्ता गेले.

"तो माणूस खिडकीपाशी आला होता," आतून घड्याळजी म्हणाले. "आत्ता इथं होता. कुठं गेला? दार तर वाजलं नाही."

"गेले ते," आई म्हणाली.

खालून बाईंची हाक आली. "झाला का गं जिना? त्याला आणता का खाली? किती दिवसांनी अंगणात बसेल."

ताई पुढे होणार होती, पण आईनं हातोडा मिस्त्रींच्या हातात दिला आणि खोलीत जाऊन घड्याळजींचा हात धरला. "चला," ती म्हणाली. "मी पुढे होते, तुम्ही माझ्यामागून या. डाव्या हाताला कठडा आहे, घट्ट धरा."

दोघं उतरायला लागली. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात मोकळा नव्हता आणि मागचा माणूस बघणारा नव्हता. बाबा गेले त्या दिवशी ती आल्यागेल्याला पाणी देत उभी होती, कुणी भेटायला आलं की त्यांचीच समजूत काढत होती. एक हुंदका दिला नव्हता तिनं. वळणापर्यंत ती नीट आली. मग तिचा पाय पुढे पडेना.

"रडताय का?" घड्याळजींनी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

"मग बसू या की इथंच. मला काही घाई नाही."

त्यांनी चाचपडत पायरी शोधली आणि बसले. आई त्यांच्या शेजारी बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, लहान मुलासारखी, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ताई वरून उतरत आली आणि तिच्या मागच्या पायरीवर बसली. तिनं दोन्ही हात आईच्या खांद्यांवर ठेवले. उठा म्हणायला कुणीच आलं नाही.